पेटत्या बोअरच्या गावी

पेटती बोअर पाहायला मी निघाले नव्हते. अशी काही बोअर आहे हे मला माहीतही नव्हतं. मी निघाले होते दगड पाहायला.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दशकाच्या अखेरीची. मी तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या सल्लागार कंपनीत भूवैज्ञानिक होते. शेल गॅस हा शब्द आपल्याकडे नुकताच ऐकू यायला लागला होता. फार जुन्या काळी पाण्याच्या तळाशी साचलेल्या चिखलाचा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड होतो, तो शेल. चिखलात गाडल्या गेलेल्या जीवांपासून तयार झालेला वायू त्या दगडातच अडकून बसतो. अमेरिकेत खोल बोअर मारून, पाण्याच्या प्रचंड दाबाने तो दगड फोडून वायू काढायला लागले होते, आणि त्या बातम्या वाचून मुंबईच्या एका उद्योजकाला वाटलं, आपल्या ठाणे जिल्ह्याखाली काय आहे ते तरी पाहावं. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा प्राथमिक अंदाज द्यायचं काम आमच्याकडे आलं, आणि साहेबांनी ते माझ्यावर सोपवलं.

अडचण उघड होती. या भागात वर सगळा ज्वालामुखीचा काळा कातळ. तो किती जाड आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. त्याखाली शेल असेल, नसेल, थेट ग्रॅनाइटही असेल. पाच दिवसांत हातोडी घेऊन फिरून याचं उत्तर मिळत नाही. पण पुढे पैसा घालावा की नाही, एवढं तरी सांगता येतं.

सापगाव

जानेवारीच्या एका सकाळी भाड्याच्या जीपने माळशेज घाट उतरून, मुरबाड मागे टाकून मी शहापूरला पोचले. मी मूळची सोलापूरकडची. सपाट रान, बाभळी आणि ज्वारी पाहिलेल्या डोळ्यांना हा मुलूख हिरवा आणि घड्याघड्यांचा दिसतो. भातं कापून झाली होती. खाचरांत खुंट उरले होते आणि त्यांच्यामधून वाल नि हरभरा वर आला होता. माहुली गडाचे सुळके धुक्यातून वर डोकावत होते.

सापगावला भातसा नदीच्या पुलाखाली उतरून मी कातळाचे थर मोजत होते. पाण्यात पाय सोडून बसलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "सोनं शोधताव काय?" मी हसून म्हटलं, "नाही, गॅस." त्यांनी मान डोलावली. "मंग शेणवे गावाच्या पुढं जा. तिथं बोअर पेटते."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण दुपारी शहापूरच्या खानावळीत वाढणाऱ्या मुलीनेही तेच सांगितलं, आणि वर पाड्याचं नावही दिलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जे घडलं त्यात त्या लोकांची विनाकारण चर्चा व्हायला नको.

शेणव्याच्या पुढे

पाड्यावर माझी पहिली ओळख झाली ती मीनाक्षीबाईंशी. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिकवतात. त्यांचे वडील छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातले, याच पंचक्रोशीतले, त्यामुळे बाईंना इथलं प्रत्येक घर माहीत. शाळेत सव्वीस जानेवारीची तयारी चालली होती. फुगे, पताका, कवायत. त्यांनी कवायत दुसऱ्या शिक्षकांवर सोपवली आणि मला बोअरवर घेऊन गेल्या.

रस्त्यालगतच्या सपाट जागेत जमिनीतून हातभर वर आलेला लोखंडी पाइप. त्याच्या तोंडात लाकडाचं बूच ठोकलेलं आणि वर दगड. शेजारच्या शेताचे मालक पांडुरंगकाका तिथेच वालाला पाणी देत होते. साठीचे, काटक, बोलताना डोळे मिचकावणारे. त्यांनी हकिगत सांगितली.

"वैशाखात बोअर मारली. पानी लागला. हापसा बसवला. पन पान्याला वास, सडलेल्या अंड्यागत. मंग मिस्त्री आला, त्यानं हापशाचं मुंडकं काढून ठेवलं, नि मी आपला बाजूला बसून बिडी पेटवली. भक् करून जाळ आला, बाई! माझी अर्धी मिशी गेली."

"उरलेली अर्धी मीच कातरली," मागून त्यांच्या बायकोचा, अनसूयाकाकूंचा आवाज आला. "ध्यान दिसत व्हता."

सगळे हसले. पण हसणं संपल्यावर मीनाक्षीबाईंनी पुढचं सांगितलं. त्या दिवसापासून कोणी या बोअरचं पाणी भरत नव्हतं. बायका ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जायच्या. ती होळीपर्यंत टिकते, मग टँकर. आमच्या सोलापूरकडे पाऊसच नाही म्हणून पाणी नाही, ते समजतं. इथे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, जवळच मुंबईला पाणी देणारं धरण भरलेलं असतं, आणि चैत्रात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. हे कोणी मला नुसतं सांगितलं असतं तर मी अतिशयोक्ती समजले असते.

बूच काढलं. सू सू असा बारीक आवाज आला. किती वायू येतो ते पाहायला माझ्याजवळ साधन नव्हतं. मीनाक्षीबाईंनी एका विद्यार्थिनीला हाक मारून शाळेतून मोठा फुगा मागवला. पाइपाच्या तोंडावर माझ्या रेनकोटचा तुकडा घट्ट बांधला, त्यातून एक नळी काढली आणि नळीला फुगा लावला. आम्ही अनसूयाकाकूंच्या ओटीवर जाऊन चहा घेतला, तांदळाची भाकरी नि खुरासणीची चटणी खाल्ली. परत येऊन पाहतो तो फुगा कवठाएवढा झाला होता. मी तो दूर नेऊन लांब काठीला बांधलेल्या पेटत्या चिंधीवर धरला. निळसर ज्योत क्षणभर भडकली आणि विझली; तेवढ्यात मीनाक्षीबाईंनी माझ्या कॅमेऱ्यात ती टिपली.

जमलेल्या लोकांत एकदम गलका झाला. "हाय! गॅस हाय!" पांडुरंगकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो तयार केला होता.

प्रयोगशाळेत पाठवायला नमुना हवा होता. माझ्या दोन खास बाटल्यांपैकी एक मी त्याच सकाळी बांधावरून घसरून फोडली होती. आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरांनी सलाइनच्या दोन रिकाम्या, रबरी बुचाच्या काचेच्या बाटल्या दिल्या. त्या पाण्याने भरून, बादलीत उलट्या धरून, नळीने वायू आत सोडला. मनगटं गारठून गेली, पण तिन्ही नमुने नीट मिळाले.

सामान आवरताना मी सहज विचारलं, "बोअर इथेच का मारली?"

"बोअरची गाडी इथवर येते म्हनून," काका म्हणाले.

"त्याआधी इथे काय होतं?"

काका म्हणाले, "काय नाय, मोकळी जागा." पण अनसूयाकाकू म्हणाल्या, "काय नाय कसं? तळी व्हती इथं. मी नवी लग्न होऊन आलेली तवा म्हशी बसायच्या तिथं. रस्ता मोठा केला तवा भरली. माती टाकली, झाडोरा टाकला, पेंढा टाकला, नि दाबली वरून."

मी हातातली बाटली खाली ठेवली. "काकू, हे बोअर मारायच्या वेळी कोणाला सांगितलं होतंत?"

"मला कोन इचारतो?" त्या म्हणाल्या आणि हंडा उचलून ओढ्याकडे चालू लागल्या.

शाळेच्या ओटीवर

त्या दिवशी मी मीनाक्षीबाईंच्या घरी राहिले. संध्याकाळी शाळेच्या ओटीवर दहा-पंधरा माणसं आली. मी गॅस शोधायला आले आहे हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. आठवड्यापूर्वी दोन माणसं गाडीतून येऊन रस्त्याकडेच्या जमिनींचा भाव विचारून गेली होती, हेही मला तिथे कळलं.

मी सरळ सांगितलं. बोअरमधला वायू बहुतेक तळीतला कुजलेला पेंढा नि झाडोरा यांचा आहे, नक्की ते प्रयोगशाळा सांगेल. मी शोधतेय तो वायू फार खोल, कातळाच्या खाली, असलाच तर. या दोघांचा काही संबंध नाही.

"पन समजा खाली असला," काकांनी विचारलं, "तर काढनार कसा?"

मी दगड कसा फोडतात ते सांगितलं. पाणी, वाळू, थोडी रसायनं, दाब.

"पानी किती लागंल?" हे अनसूयाकाकूंनी विचारलं. त्या दारापाशी उभ्या होत्या.

"खूप लागतं, काकू. एका बोअरसाठी टँकरांची रांग लावावी लागेल. तुमच्याकडे उन्हाळ्यात येतो तेवढा टँकर धरला, तर ती रांग पार शहापुरात जाईल."

"नि ते वरतं आलं का पियाचं?"

"नाही. ते खराब झालेलं असतं. साठवून, शुद्ध करून मग कुठेतरी सोडावं लागतं."

 मग एक तरुण म्हणाला, "पण मॅडम, नोकऱ्या मिळतील ना? मी पहाटे चारला उठतो. आसनगावला लोकल पकडायची, पास काढलेला, कुर्ल्याला उतरायचं. घरी येतो तेव्हा पोरगी झोपलेली. इथंच काम मिळालं तर पाण्याचं बघू काहीतरी."

"तू बघशील?" अनसूयाकाकू त्याला म्हणाल्या. "तू तर कुर्ल्याला असतो. पानी मी भरते, तुझी बायको भरते."

 त्या तरुणाचं काही चुकलं होतं असं मला वाटलं नाही, आणि काकूंचंही नाही. मी वहीत दोघांचंही बोलणं लिहून घेतलं. अशा अहवालांत असं लिहीत नाहीत, पण लिहून ठेवावं असं वाटलं.

मुरबाड, म्हसा

दुसऱ्या दिवशी मी मुरबाडकडे निघाले तर पांडुरंगकाका जीपपाशी उभे. मुरबाडपलीकडच्या म्हसा गावची जत्रा भरली होती, त्यांना एक बैल पाहायचा होता. मी म्हटलं, या, वाटेत मला एक खाण पाहायची आहे.

रस्त्यात डोंगरावर मोबाइलला रेंज आली तेव्हा साहेबांना फोन लावला. पेटत्या बोअरचं ऐकून ते खूश झाले. "फोटो काढलास ना? पहिल्या पानावर घेऊ." मी तळीचं सांगितलं. ते म्हणाले, "ते आत कुठेतरी लिही." काका शेजारीच बसले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं.

मुरबाडजवळच्या त्या खाणीत काळ्या दगडाची एक उभी भिंत आहे. खालून वर येताना लाव्हा जिथे भेगेत थिजला, तिथे अशा भिंती तयार होतात. वर येताना तो लाव्हा खालच्या खडकांचे तुकडेही उपटून आणतो. म्हणजे दोन किलोमीटर बोअर न मारता तळघरातलं सामान पाहायला मिळतं. खाणीच्या मुकादमाला मी विचारलं, काळ्या दगडात वेगळ्या रंगाचे तुकडे कधी सापडतात का? "साबुदाणा म्हणतो आम्ही त्याला," तो म्हणाला. "लय सापडतो. खडीत आला तर गिऱ्हाईक कुरकुर करतं." त्याने बाजूला टाकलेला ढीग दाखवला.

दुपारपर्यंत मी आणि काका त्या ढिगात बसलो. काकांना काय शोधायचं ते लगेच कळलं. काळ्या दगडात रुतलेले पांढरट, गुलाबी, चमकदार दाण्यांचे मुठीएवढे तुकडे. एकूण एक ग्रॅनाइटचे. पापुद्र्याचा, चिखलापासून झालेला एकही नाही. एका खाणीवरून काही सिद्ध होत नाही. पण जिथे शेलचा जाड थर असेल तिथे त्याचा एखादा तरी तुकडा मिळावा अशी अपेक्षा असते.

"म्हंजे नाय?" काकांनी विचारलं.

"बहुतेक नाही."

 त्यांनी हातातला तुकडा खिशात घातला.

म्हशाची जत्रा मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्याकडच्या बाजारात खिलार बैल, उंच, पांढरे, लांब शिंगांचे. इथे चिखलात काम करणारे बसके, भरदार. घोंगड्यांचे ढीग, भांड्यांची दुकानं, खाज्याच्या परड्या, धुरळा. काका एकेका बैलाचे दात पाहत, पाठीवर हात फिरवत पुढे जात होते. मी मागे उभी राहून हे पाहत असताना कोणाच्या तरी बैलाने माझ्या पिशवीतून बाहेर आलेला भूशास्त्रीय नकाशा ओढला आणि कल्याणपासून अंबरनाथपर्यंतचा कोपरा खाऊन टाकला. बैलाचा मालक घाबरला. मी म्हटलं, जाऊ द्या, त्या कोपऱ्यात माझं काम नाही.

काकांना बैल पटला नाही. आम्ही एका झाडाखाली उसाचा रस घेत बसलो. तेव्हा ते हळूच म्हणाले, "बाई, तुमी कागद लिवाल तेव्हा 'थोडा हाय' असं लिवा. खोटं नको. थोडा. साहेबांना बी तेच पायजे. माझा ल्योक भिवंडीच्या गोदामात पेट्या उचलतो. कंपनी आली तर त्याचं कायतरी होईल. उद्या नाय निघाला गॅस तर नाय."

त्यांनी हे गयावया करून सांगितलं नाही. शेजाऱ्याला शेजारी सांगतो तसं सांगितलं. म्हणून उत्तर देणं अवघड गेलं.

"काका, मी थोडा आहे म्हटलं की आधी ते दोन गाडीवाले परत येतील. जमिनी घेतील. कंपनी नंतर. ती आली नाही तरी जमीन गेलेली असेल."

"ते बी खरं," ते म्हणाले. मग उरलेला रस पिऊन टाकला. संध्याकाळी मी त्यांना परत सोडलं. पाड्यापाशी उतरताना "येतो" एवढंच म्हणाले.

पुण्यात

प्रयोगशाळेचा निकाल आला. बोअरमधला वायू उथळ, अलीकडच्या कुजलेल्या वनस्पतींचा. खोल खडकातल्या वायूची एकही खूण त्यात नव्हती. मी अहवाल लिहिला. शेल असण्याची शक्यता कमी, आणि असलाच तर तो फोडायला लागणारं पाणी या दोन तालुक्यांनी कोणाच्या तोंडचं काढून द्यायचं, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. पाण्याचं प्रकरण सर्वांत लांब झालं.

साहेबांनी ते दोन परिच्छेदांवर आणलं आणि फुग्याच्या ज्योतीचा फोटो पहिल्या पानावर लावला. मी त्यांच्या खोलीत गेले. मी भांडखोर नाही, आवाज चढला की मलाच रडू येतं. म्हणून मी बसून शांतपणे सांगितलं, "फोटो ठेवा. पण खाली 'भरलेल्या तळ्यातील कुजका वायू' असं लिहा. नाहीतर माझं नाव काढा."

 "असा फोटो कोण लावेल मग?" असं ते म्हणाले आणि त्यांनी तो काढून टाकला. पाण्याचं प्रकरण मात्र दोन परिच्छेदांचंच राहिलं. तेवढ्यावर मी सही केली. अजूनही कधी कधी वाटतं, करायला नको होती.

उद्योजकाने पुढे काही केलं नाही. का, ते आम्हाला कोणी कळवलं नाही.

पुन्हा पाड्यावर

बोअरचं काय करावं हे मात्र मला ठाऊक होतं. भरावातून वायू आत शिरत होता, कारण वरचा पाइप पक्क्या कातळापर्यंत नेलाच नव्हता. तो खाली नेऊन बसवायचा, भोवती सिमेंट ओतायचं, वर एक उंच वायुनळी ठेवायची. मी हे साध्या मराठीत दोन पानांवर चित्रासकट लिहून मीनाक्षीबाईंना पाठवलं. त्या ते घेऊन पंचायत समितीच्या कचेरीत गेल्या. चार वेळा गेल्या. पाचव्या वेळी अनसूयाकाकू सोबत गेल्या आणि तिथले साहेब येईपर्यंत दारातच बसून राहिल्या. काम मंजूर झालं.

चैत्रात मीनाक्षीबाईंचा फोन आला की झालं, या. मी सुट्टी टाकून गेले. शेतांत भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजून काळे चौकोन पडले होते. मोहाचा गोड, जडसर वास होता. पाण्याची तपासणी आधीच करून घेतली होती आणि तो कागद माझ्या हातात होता. हापसा नवा होता. पांडुरंगकाका आले होते. त्यांनी मला पाहून मान हलवली, आणि कोणी न सांगता हापशाचा दांडा हातात घेतला. बराच वेळ हापसल्यावर पाणी आलं. स्वच्छ, वास नाही.

मी कागद वाचून दाखवायला सुरुवात केली. पिण्यास योग्य, अमुक नाही, तमुक नाही. बायका ऐकत होत्या, पण हंडे कोणी पुढे करत नव्हतं.

अनसूयाकाकूंनी घरातून पितळी पेला आणला, धारेखाली भरला आणि माझ्यासमोर धरला. "कागद ऱ्हावंदे. तुमी सांगितलं ना चांगलं हाय? मंग पयलं तुमी पिया."

त्यात राग नव्हता, परीक्षाही नव्हती. गावात दगड फोडायला आलेल्या बाईला त्यांनी 'पानी किती लागंल' हा जो पहिला प्रश्न विचारला होता, त्याच सरळपणाने त्या उभ्या होत्या. माझ्या मनात एक क्षण आलं, सिमेंट नीट बसलं असेल ना? नमुना याच पाण्याचा घेतला असेल ना? आयुष्यभर अहवालांवर सह्या केल्या, पण त्यातलं काही प्यायची वेळ आली नव्हती.

मी पेला रिकामा केला. पाणी गार होतं, किंचित लोखंडाची चव.

"आता बसा," काकू म्हणाल्या. "अर्धा तास."

मला आंब्याच्या सावलीत बसवलं. सगळ्या बायका भोवती बसल्या. त्यांनी मला माझ्या घरचं, मुलांचं, सोलापूरच्या ज्वारीचं विचारलं. मधूनमधून एखादी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहायची. मीनाक्षीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका हापशाच्या ओट्यावर बसून बिडी हातात धरून होते, पेटवत नव्हते.

मग अनसूयाकाकू उठल्या, पदर खोचला, आणि आपला हंडा हापशाखाली ठेवून काकांना म्हणाल्या, "हापसा आता. बसला काय नुस्ता?"